राखणदारानं प्रेमात पडावं काय?

३ ऑक्टोबर २०२२, सोमवार
बीपी १५२/९४.

डॉक्टरनी सांगितलं, रोज बीपी मोजा आणि वहीत लिहा. आकडे लिहून झाले तरी पान अख्खं उरतं. कोरं पान सोडायला जीव होत नाही, म्हणून हे पुढचं.

पाय प्लास्टरात आहे. खाणी बंद पडल्यापासून माझा टिपर, खनिजाचा ट्रक, अंगणात उभा. टपावर आंब्याचा पाला साचतो, तो काढायला चढलो आणि घसरलो. साठी उलटलेल्या माणसानं टपावर चढू नये, हे गावातल्या प्रत्येकानं घरी येऊन सांगितलं, पडून झाल्यावर. आता सहा आठवडे लाकडी कदेलीवर बसायचं आणि जनेलाच्या गजांतून टिपरकडे बघायचं. दुसरं काय करणार?

मग टीव्ही. हा टीव्ही आमच्या योगितानं आणलेला. ती धारगळला औषधांच्या कारखान्यात आहे. गेल्या वर्षी ऑगस्टात तिनं तिथल्याच किरण नावाच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. त्याचा बाप गडहिंग्लजहून कंत्राटी कामाला आलेला. एकुलती एक मुलगी. मी नको म्हटलं, तिनं केलं. चौदा महिने झाले, मी तिच्याशी बोललो नाही आणि तिचं तोंड पाहिलं नाही. माझा पाय मोडला, सगळा गाव बघून गेला, ती आली नाही. लिहून टाकलं एकदाचं. आता हा विषय बंद.

टीव्ही लावला की तो विचारतो, कोण बघणार? खाली एकच तोंड, त्याखाली योगिताचं नाव. दुसरं तोंडच नाही, म्हणून मी तेच दाबतो. आत पहिलंच चित्र एका कोरियन मालिकेचं. खिंडीचा राखणदार, असं काहीतरी नाव. गुडघ्याखाली जाणारा काळा कोट घालून एक गोरापान पोरगा धुक्यात उभा. हा म्हणे राखणदार! आमचा गावच्या शिवेवरचा राखणदार देव म्हणजे खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, आणि विडी ओढणारा. याला विडी दिली तर ठसका लागून मरेल.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
बीपी १४८/९०.

तीन भाग बघून झाले. चांगलं ते चांगलं म्हणावं, पाऊस फार सुंदर दाखवतात. डोंगर, धुकं, आणि ओल्या रस्त्यावर दिव्यांचे पिवळे ठिपके. बघता बघता मला खाणीवरच्या पहाटेच्या खेपा आठवल्या. वळणावर धुकं, पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे तेवढे तरंगताना दिसायचे. त्या वेळी शिव्या घालत होतो. आज वाटलं, किती छान होतं ते.

पण गोष्ट म्हणाल तर अर्थ नाही. राखणदार चारशे वर्षं खिंड राखतोय. त्याची परवानगी नसेल तर कोणी शीव ओलांडू शकत नाही. इथपर्यंत मान्य, आमच्यातही तसंच आहे. पण एक चेडू पावाच्या दुकानात कामाला येते आणि हा सगळी राखण सोडून तिच्या दुकानासमोर उभा! अरे, खिंडीवर कोण? राखणदारानं प्रेमात पडावं काय? आमचा देवचार, शिवेवरचा राखणदार, असं करेल? आणि दोघं एकमेकांकडे बघायला लागली की बघतच राहतात. मी तेवढ्यात पाणी पिऊन, औषध घेऊन परत आलो तरी बघतायत.

काल मी भाषा कोरियन होती ती हिंदी करून ठेवली. आज लावलं तर परत कोरियन. आणि मी तिसऱ्या भागाच्या मधोमध थांबलो होतो, टीव्ही चौथ्याच्या शेवटाला पोचलेला. चित्राखाली तांबडी रेघ असते, बघितलं तेवढी तांबडी. भाग्यलक्ष्मीला म्हटलं, "गो, तू माझ्या पाठीमागून बघतेस?"

ती म्हणाली, "म्हाका रिमोटाक हात लावपाक भंय दिसता. कितें तरी दामतलें आनी बंद पडटलें."

बायको खोटं बोलत नाही. मग टीव्ही बिघडलाय. ती आज म्हापशाच्या बाजाराला गेली. जाताना परसातली सगळी अबोली खुडून, गजरे करून पिशवीत घातली. म्हटलं, बाजारात जाताना फुलं कशाला, तिथं तर फुलंच विकतात. म्हणाली कोणाच्या तरी घरी फुलं माळायची आहेत. कोणाच्या, ते मी विचारलं नाही. बायकांच्या समारंभात आपण कशाला?

११ ऑक्टोबर, मंगळवार
बीपी १५६/९६.

टीव्हीवर भूत आहे. मी सातवा भाग अर्धा सोडला, आज तो सातव्याच्या शेवटी. मी हिंदी करतो, तो कोरियन करतो. गोकुळदास आला होता, माझ्याबरोबर खाणीवर होता तो, आता व्हॅन चालवतो. त्याला सांगितलं तर हसला आणि म्हणाला, "कृष्णनाथा, बीपीची गोळी घेतली मरे?"

सातवा भाग मला आवडला नाही. फार लागला, म्हणून आवडला नाही. त्यात कळतं, की चेडवाला खिंडीपलीकडे आपल्या गावी जाता येत नाही, कारण जुन्या काळी कुणा राजानं रागानं राखणदाराला सांगितलं होतं, त्या घरातल्या मुलीला आत सोडू नकोस. राजा मेला, राग मेला, पण सांगितलेलं राहिलं. ती दगडापाशी येते आणि पुढं पाऊलच उचलत नाही. हा कोटवाला रडत उभा राहतो.

मी भाग्यलक्ष्मीला म्हटलं, कोरियात देवाला घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायची सोय नाही वाटतं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "सोय आसता. घेवपी जाय."

१२ ऑक्टोबर, बुधवार
बीपी १६०/९८.

झोप लागली नाही. कोणाला सांगितलेलं नाही ते इथं लिहितो.

योगिता गेली त्या दिवशी संध्याकाळी मी शिवेवरच्या राखणदारापाशी गेलो होतो. रोट, नारळ, बाटलीभर सोरो, विडीचं बंडल, सगळं रीतसर ठेवलं. इतकी वर्षं ट्रक चालवला, त्याच्या वळणावर एकदाही हॉर्न दिल्याशिवाय गेलो नाही. त्यामुळं माझा त्याच्यावर हक्क आहे असं वाटलं. हात जोडून मोठ्यानं म्हटलं, महाराजा, त्या पोरीला या शिवेच्या आत पाऊल टाकू देऊ नकोस. मी सांगेपर्यंत नको.

तोंडातून गेलं आणि अंगावर काटा आला. पण मागे घ्यायची लाज वाटली, म्हणून तसाच घरी आलो. आणि बघा, ती आलीच नाही. चवथीला नाही, दिवाळीला नाही, बाप हॉस्पिटलात पडला तरी नाही. योगिता तशी पोर नव्हे. लहानपणी मला साधा काटा लागला तरी रडायची. तिला यायचं असणार आणि तो येऊ देत नसणार. मीच सांगितलंय ना त्याला.

२७ ऑक्टोबर, गुरुवार
बीपी १४४/८८.

पंधरा दिवस लिहिलं नाही, आकडे मागच्या पानावर आहेत. दिवाळी झाली. पाच तऱ्हेचे पोहे झाले, खाणारे आम्ही दोघंच. काल गोकुळदास मला एक्स-रेला साखळीला घेऊन गेला. परत आलो तर फराळाच्या डब्यातल्या नेवऱ्या अर्ध्या झालेल्या. विचारलं तर ही म्हणाली शेजारी दिल्या. दोन दिवसांपूर्वी तर शेजारणीच आपल्या नेवऱ्या आम्हाला देऊन गेल्या होत्या! असो. घरात आज जरा उजेड वाटतोय, हीसुद्धा गुणगुणत होती.

मालिका बारा भागांपर्यंत आलीय. आणि एक गंमत, भाषा आता हिंदीच राहते. कोरियन होत नाही. रेघही माझ्या पुढं पळत नाही. मी जिथं थांबतो तिथं ती दुसऱ्या दिवशी अगदी थोडी पुढं असते, पाच-सहा मिनिटं. मग मी ती पाच मिनिटं मागं जाऊन बघतो. या भुताला माणुसकी आहे.

कोटवाल्याबद्दल माझं मत थोडं बदललंय. दिसायला नाजूक आहे, पण उभा राहायला घट्ट. बर्फ पडतंय, ती येत नाही, तरी हा दगडापाशी उभा. राग मात्र येतो. अरे, तीच कशाला यायला हवी? तू जा ना पलीकडे! पाय आहेत ना तुला? मी मोठ्यानं ओरडलो तशी भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे बघितलं आणि परत गेली.

२९ ऑक्टोबर, शनिवार
बीपी बघितलं नाही.

गोकुळदासनं आज टीव्हीचं भूत उतरवलं. मी त्याला रेघ दाखवली. तो म्हणाला, "अरे पिशा, ही रेघ टीव्हीच्या आत नसते. त्या नावानं जो कोण जिथं उघडील, तिथं हीच रेघ दिसते. तू हांगा पळयता, ती थंय पळयता."

"ती कोण?"

त्यानं रिमोटनं त्या तोंडाखालचं नाव दाखवलं.

चहा पिऊन तो गेला. मी कदेलीवर तसाच बसलो. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघं एकच गोष्ट बघत होतो. मी इथं, ती धारगळला. मी हिंदी केलं की ती कोरियन करायची, आणि एक दिवस तिला कळलं. आईला रिमोट लावता येत नाही हे तिला माहीत आहे. कळल्यावर तिनं हिंदीच ठेवलं. आणि पुढं पळायची थांबली, बापाला मागं टाकून जाऊ नये म्हणून.

चौदा महिन्यांत ती माझ्याशी बोलली ती एवढीच. मला रडू आलं, मी रडलो.

४ नोव्हेंबर, शुक्रवार
बीपी १३६/८४.

हे दिवस कसे गेले सांगता येत नाही. जेवण झालं की दुपारी मी अर्धा तास बघतो आणि थांबवतो. सकाळी पाववाला पदेर पोईचा हॉर्न वाजवत गेला की टीव्ही लावतो, रेघ अर्धा तास पुढं गेलेली असते. मग परत मी अर्धा तास. मालिका काय चाललीय ते नीट कळतही नाही, मी रेघच बघत असतो. पलीकडच्या घरात तिची कदेल कशी असेल, जनेलातून काय दिसत असेल. हमरस्ता दिसत असेल. ट्रकांचा आवाज येत असेल.

एका जागी कोटवाला चेडवाला शेवयांचं गरम कालवण करून देतो. ती पहिला घोट घेते आणि डोळे मिटते. मी तिथं मुद्दाम मागं जाऊन दोनदा बघितलं. दुसऱ्या दिवशी रेघ तिथंच मागं गेलेली. तिनंही परत बघितलं असणार. मी एकटाच हसत बसलो.

पंधरावा भाग संपला. सोळावा शेवटचा. मी तो लावला नाही. तिनंही लावलेला नाही. दोन दिवस झाले, रेघ हलत नाही.

६ नोव्हेंबर, रविवार
बीपी १७४/१०२.

आज भाग्यलक्ष्मी भडकली. तीस वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. मी म्हटलं, सोळावा भाग बघावा की ठेवावा? तर तिनं हातातला खवणा खाली आपटला.

"तुमी सिनेमा पळयत बसात! सातवो म्हयनो चालू जालो तिका. येत्या आयतारा तीं गडहिंग्लजाक वतात, सासूगेर. पयलें बाळंतपण आनी माहेर जिवें आसून घाटार! फुलां माळपाक हांव एकटी गेलें, चोरभशेन, म्हापशाचें नांव करून!"

म्हणजे ती अबोली योगिताच्या ओटभरणीला गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आमच्यात कोणी शिकवावं लागत नाही. बाप जाऊन मुलीला घेऊन येतो. तिला सातवा महिना आणि मला टीव्हीच्या रेघेवरून तिचे दिवस कळत होते.

मी म्हटलं, ती येऊ शकत नाही गो. मग शिवेवरचं ते सगळं सांगून टाकलं. तिनं खवणा उचलला आणि उरलेला नारळ खवला.

१० नोव्हेंबर, गुरुवार
प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झालाय. डॉक्टर म्हणाले काठी घेऊन हळूहळू चाला. किती चालू, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार
शिवेवर जाऊन आलो.

रोट भाग्यलक्ष्मीनं केला. गोकुळदासनं सोरो आणला आणि व्हॅन वळणावर थांबवली. तिथून शंभर पावलं झाडीत चढायचं. एका बाजूला काठी, एका बाजूला ही. दुपारचं ऊन पानांतून खाली गळत होतं आणि इतकं निवांत होतं की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. दगडापाशी पोचलो. सगळं मांडलं. गोकुळदासला मी म्हटलं, तू व्हय म्हण.

मी हात जोडले. "महाराजा, सगळ्यांचा मालक तू."

"व्हय महाराजा," गोकुळदास म्हणाला.

"रागाच्या भरात या लेकरानं तुझ्याकडे चुकीचं मागितलं. माझ्या पोरीची वाट अडवायला सांगितली. ते बोलणं मी मागं घेतो. तिची वाट मोकळी कर महाराजा."

"व्हय महाराजा."

मागून आवाज आला. ही रडत होती असं मला वाटलं. वळून बघतो तर पदर तोंडाला लावून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"कोणें अडायल्या तिका?" ती म्हणाली. "ती तीन फावट आयल्या. चवथीक तुमी भजनाक गेल्ले तेन्ना गणपतीक पांयां पडून गेली. हॉस्पिटलात तुमी न्हिदिल्ले, दोन वरां पांयांकडेन बसली. आनी दिवाळेक, एक्स-रेक गेल्ले तेन्ना. नेवऱ्यो कोणें खाल्ल्यो?"

मी दगडाकडे बघितलं. चौदा महिने मी त्याला बोल लावत होतो. त्यानं माझं ऐकलंच नव्हतं. ती याच वाटेनं आली, याच वाटेनं गेली, पोटात बाळ घेऊनसुद्धा आली. अडून राहिलो होतो तो मी.

गोकुळदास म्हणाला, "कृष्णनाथा, आता सोरो तरी ठेवूया. आणलाय."

ठेवला.

१२ नोव्हेंबर, शनिवार
धारगळ.

सकाळीच निघालो. व्हॅनमध्ये मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. एकही टिकलं नाही.

हमरस्त्यापासून आत दोन खोल्यांचं घर. दारात तुळस. किरणनं दार उघडलं. मी त्याला आज पहिल्यांदा नीट बघितलं. साधा पोरगा आहे, कपाळावर घामाचे थेंब. काठी बघून पटकन पुढं आला आणि माझा दंड धरला. "या की मामा. सावकाश, हितं पायरी हाय."

आत ती कदेलीवर. पोट केवढं! केसात अबोली. उठायला लागली, मी म्हटलं, बस. तेवढंच म्हणालो. बाकी सगळी वाक्यं गेली.

ती म्हणाली, "बाबा, पाय दुखता?"

मी म्हटलं, "ना." मग म्हटलं, "दुखता. चल घरा."

ती हसली आणि लगेच रडायला लागली. भाग्यलक्ष्मीनं तिला पोटाशी धरलं. किरण दारातच उभा होता. त्याला म्हटलं, तूही चल, बाळ होईपर्यंत आमच्याकडंच राहा, आमच्याकडून कामाला जाता येईल. तो म्हणाला, गावाकडं आईला फोन करून सांगतो, ती समजून घेईल.

मग चहा आला. मी तिला सगळं सांगितलं, शिवेवर काय मागितलं होतं तेही. कसला बाप आहे ते तिला कळावं म्हणून. मला वाटलं आता उठून आत जाईल.

ती म्हणाली, "बाबा, हांवय थंय गेल्लें. त्याच दिसा, सकाळीं, घर सोडून वतना. तुज्या आदीं."

"तू कितें मागलें?"

"म्हणलें, बाबा एकटो पडटलो. ताका सांबाळ. हांव येत-वयत रावतां, ताका कळूंक दिवूं नाका, ताचो राग थंड जायसर."

एकाच दिवशी एकाच दगडासमोर आम्ही बापलेकीनं दोन नारळ ठेवले होते. माझ्या नारळाला त्यानं हात लावला नाही.